सुनेची चार सेमिस्टर

"ही मुलगी कुठं आहे?" कॉलेजच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

त्यांच्या एका हातात माझ्या सुनेच्या गुणपत्रिका होत्या, दुसऱ्या हातात तिचं आधार कार्ड.

"मीच ती," सून म्हणाली.

"मग ही कोण?" बाईंनी आधार कार्ड हलवलं.

"ती पण मीच."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि काचेपलीकडून माझ्याकडे बघितलं. मी सुनेच्या मागं छत्री धरून उभी होते. "तुम्ही कोण, मावशी?"

"सासू."

"तुम्ही तरी एकच आहात ना?"

रांगेतली पोरं हसली. मीही हसले बहुतेक. त्या दिवसांत समोरचा हसला की माझं तोंड आपोआप तसं व्हायचं, आत काही हलायचं नाही. दाढ काढताना डॉक्टर सुई देतात ना, मग गालाला हात लावला तर गाल दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतो. तसं माझं सगळ्या अंगाचं झालं होतं.

मी शिकलेली बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. चौथी झाली आणि शाळा सुटली. पुढचं वाचन किराणाच्या पुड्यांवर आणि भेळेच्या कागदांवर. मुलगा शाळेत जायला लागला तशी त्याची पुस्तकं मिळाली. तो पाचवीत गेला, मीही पाचवीत गेले. तो दहावीला बसला तेव्हा इतिहास मला त्याच्याहून बरा येत होता. त्यामुळं बोलते तशीच लिहिते. नावं मात्र कुणाचीच लिहीत नाही. नावांनी त्या वर्षी आम्हाला पुरतं दमवलं.

तर मुलगा. मुलगा गेला. सरकारी कचेरीत लिपिक होता. सकाळी डबा घेऊन गेला, दुपारी छातीत दुखतंय म्हणाला आणि टेबलावर मान टेकली. शेजारच्यांना वाटलं, जेवण झालंय, डुलकी काढतोय. ह्याच्यापुढं मला त्याबद्दल लिहिता येत नाही. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, मूलबाळ नव्हतं.

दिवसकार्य उरकल्यावर त्याचे साहेब घरी आले. भला माणूस. चहा घेतला, कप खाली ठेवला, परत उचलला, त्यात काही उरलं नव्हतं तरी. मग म्हणाले, "वहिनींना अनुकंपावर नोकरी मिळू शकते. अर्ज करून ठेवू. शिक्षण किती त्यांचं?"

"बारावी," आमचे हे म्हणाले.

"बारावीवर शिपाई होतील. पदवी असती तर लिपिक. म्हणजे त्याच्याच जागेवर."

साहेब काही वावगं बोलले नाहीत. शिपायाचं काम हलकं असतं असं मीही म्हणणार नाही, माझे वडील जन्मभर शाळेत शिपाई होते आणि त्या खाकी कपड्यांना रोज इस्त्री करत. पण मला एकदम दिसलं, की ती पाण्याचा ट्रे घेऊन त्या खोलीत शिरते आहे आणि त्या टेबलावर ग्लास ठेवते आहे. टेबलाशी दुसरंच कुणी बसलंय. रोज, साठाव्या वर्षापर्यंत.

सून भिंतीला टेकून बसली होती. आल्या-गेल्यासमोर ती बोलत नसे. त्या दिवशी तिनं मान वर केली. "माझी दोन वर्षं झालीत."

"कशाची गं?" मी विचारलं.

"बीएची. चार सेमिस्टर. तिसरं वर्ष तेवढं राहिलं."

लग्नात ती काय काय घेऊन आली ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. पितळेचा हंडा कसा, कपाट कोणत्या लाकडाचं, सगळं. चार सेमिस्टर घेऊन आली होती, ते कुणाला माहीत नव्हतं. बायोडाट्यावर 'शिक्षण चालू' असं छापलं होतं म्हणा. आम्ही ते वाचून पुढं उंची वाचली होती.

साहेबांनी हिशेब समजावून सांगितला. अनुकंपाची यादी असते, नंबर यायला दीड-दोन वर्षं जातात. तेवढ्यात पदवी हातात आली तर लिपिक. दोन वर्षं धरली गेली तर एकाच वर्षाचा प्रश्न. धरली नाहीत तर पहिल्यापासून तीन वर्षं, आणि तोवर नंबर येऊन ती शिपाई झालेली असणार. सगळं त्या चार सेमिस्टरांवर येऊन थांबलं.

ती मूळची नामपूरची, पण कॉलेज केलं धुळ्याला, मामाकडं राहून. धुळ्याचं विद्यापीठ वेगळं, नाशिकचं वेगळं. पूर्वी विद्यापीठ बदललं की झालेलं शिक्षण तिथंच राहायचं. आता म्हणे तसं नाही. मी तिला विचारलं, हे क्रेडिट क्रेडिट म्हणजे काय? ती मेथी निवडत होती. म्हणाली, "तासाला बसलं, परीक्षा दिली, पास झालं, की त्या विषयाचे क्रेडिट जमा होतात. सरकारची बँक आहे, फोनवर खातं असतं. कोणत्याही विद्यापीठात गेलं तरी ते आपल्याबरोबर येतात."

"मग उचल आणि घेऊन ये."

"आणते, आई," ती म्हणाली. एवढं सोपं वाटलं होतं.

म्हणून आम्ही त्या खिडकीशी गेलो होतो. सिंहस्थाच्या कामांमुळं रस्ते सगळे खणलेले, रिक्षा आम्हाला अलीकडेच सोडून गेली, चिखलातून चालत गेलो. बाईंनी फोनवर तिचं खातं उघडायला लावलं. खातं उघडलं. आत चारही रकान्यांत शून्य.

"दिसणारच शून्य," बाई म्हणाल्या. "खातं आधारवर उघडलंय, आधारवर सासरचं नाव. धुळ्याला परीक्षा दिल्यात माहेरच्या नावानं. त्यांनी क्रेडिट चढवायला घेतले तर कुणाच्या खात्यात टाकतील? आडनाव बदललेल्या मुली रोज येतात माझ्याकडं, त्यांचं भागतं कसंतरी. तुमचं तर पहिलं नावही वेगळं! एक अक्षर जुळत नाही. अहो, बदलता कशाला पहिलं नाव?"

आमच्यात बदलतात. मुलगी घरात आली की ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहितो. माझंही असंच लिहिलं होतं. मुलाच्या वेळी आत्या, काकू सगळ्या नावं सुचवत होत्या, पण त्यानं आधीच ठरवून ठेवलं होतं. अक्षर त्याचं पहिल्यापासून वाईट, त्यात तांदूळ सरकले. कुणीतरी म्हणालं, हे नाव आहे का डॉक्टरची चिठ्ठी? तीही खाली मान घालून हसली होती. ते तांदूळ मी दुसऱ्या दिवशी भातात टाकले. तांदूळच ते. मग वर्षाच्या आत त्यानं स्वतः रजा काढून तिचं आधार, रेशनकार्ड, बँक, सगळीकडं ते नाव लावून घेतलं. सरकारी कचेरीतला माणूस, कागद अर्धवट राहिलेले त्याला खपायचे नाहीत. काम चोख केलं होतं त्यानं, म्हणून तर अडलं.

"नाव तिकडं बदलून आणा," बाईंनी सांगितलं. "धुळ्याकडच्या विद्यापीठात. लग्नाचा दाखला जोडा."

मी सुनेच्या वडिलांना फोन लावला. ते नामपूरला कांद्याच्या लिलावात होते. मागून नुसता आरडाओरडा ऐकू येत होता. "जास ना मी," एवढंच म्हणाले आणि खरंच दुसऱ्या दिवशी निघाले. धुळ्याचं कॉलेज केलं, तिथून विद्यापीठाची परीक्षा शाखा केली, आणि तिकडून थेट आमच्याकडं नाशिकला आले. पायावर धूळ, पिशवीत कांदे. दारातच पोरीला म्हणाले, "जेवनी का?" मग बसून पाणी प्यायले.

"काय झालं, दादा?" मी विचारलं.

"विहीणबाई, त्या म्हनतस, पोर आते आमनी नही."

"म्हणजे?"

मग ते जरा सावकाश, आमच्यासारखं बोलले. विद्यापीठ म्हणतं, शिकत असलेल्या विद्यार्थ्याचंच नाव आम्ही बदलतो. ही कॉलेज सोडून गेली, आता ती आमची नाही. जिथं शिकतेय तिथून पत्र आणा. "मी म्हंतं, साहेब, लगीनमा मी बी हाईच म्हनेल व्हतं, पोर आते आमनी नही म्हनीसन. तरी मी उनूच ना इथं?" लग्नात मीही हेच म्हटलं होतं, तरी आलोच ना इथं, असं ते त्या अधिकाऱ्याला सुनावून आले होते. अधिकारी हसला म्हणे, चहा मागवला, पण नाव बदललं नाही.

नाशिकचं कॉलेज म्हणत होतं, क्रेडिट दिसले की विद्यार्थी. धुळ्याकडचे म्हणत होते, विद्यार्थी असेल तर नाव, आणि नाव असेल तर क्रेडिट. आमचे हे खुर्चीत बसून ऐकत होते. मुलगा गेल्यापासून ते टीव्ही लावायचे आणि आवाज बंद ठेवायचे. त्या मुक्या टीव्हीकडं बघत म्हणाले, "म्हणजे ती दोन्हीकडं नाही."

पुन्हा खिडकी. ह्या खेपेला बाईंनी डबा खात खात ऐकून घेतलं. घास गिळून म्हणाल्या, "मग उलटं करा. तिकडचं बदलत नाही, तर इकडचं बदला. आधारवर माहेरचं नाव परत लावा. राजपत्रात छापून आणा, आधार दुरुस्त करा, मग खातं आणि परीक्षा एकाच नावावर येतील. ते म्हणतील, हां, ही आमचीच, आणि क्रेडिट सोडतील. तोवर मी तात्पुरता प्रवेश देते. पण परीक्षेच्या फॉर्मआधी क्रेडिट दिसले नाहीत तर प्रवेश रद्द. लिहून द्या तसं." आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "नाव काय हो, मावशी, कागदावरचंच."

तिनं लिहून दिलं. सही कोणत्या नावानं करू, म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, "आज दोन्ही कर बाई, कोणती लागेल ती मी वापरते."

घरी येताना आधार केंद्र लागलं, तिथं चौकशी करून घेतली. तिथल्या मुलानं मशीनवर बघितलं आणि म्हणाला, "काकू, आधारवर नाव दोनदाच बदलून मिळतं. ताईंचं एकदा झालंय. हे दुसरं. ह्याच्यानंतर परत फिरायचं म्हटलं तर फार अवघड. घरात विचार करून या."

विचार करायला घरात माणसं जमायचीच होती, कारण दुसऱ्या दिवशी माझी नणंद आली. तिला कुठूनतरी कळलं होतं. चप्पल काढता काढताच सुरू झाली. "वहिनी, हे काय ऐकतेय मी? त्यानं ठेवलेलं नाव काढून टाकणार तुम्ही?"

"कागदावरून," मी म्हटलं.

"कागदच राहतो शेवटी. तो गेला, आता त्याचं नाव पण घालवा. आज नाव पुसलं, उद्या ही पाय उचलून माहेरी जाईल. मूल नाही, बाळ नाही, काय अडवणार तिला? लिहून ठेवा माझं."

सून स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे ऐकत होती.

मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. मी आपली शांतपणे म्हणाले, "वन्सं, तुमचंही नाव बदललं होतं सासरी. पण ह्या घरात तुम्हाला अजून माहेरच्याच नावानं हाक मारतात. तुमचे भाऊ तर दुसरं नाव विसरलेसुद्धा. म्हणून तुम्ही सासर सोडून आलात का इकडं राहायला?"

"माझं वेगळं."

"कसं वेगळं?"

"वेगळं म्हणजे वेगळं! वहिनी, तुम्ही ना, चौथी शिकून वकील झालात." तिनं पदर कंबरेला खोचला. आमचे हे खुर्चीतून हसले. आवाज नाही केला, खांदे तेवढे हलले. कित्येक दिवसांनी.

मग सून बाहेर आली. हात ओलेच होते. आत्याबाईंना नमस्कार केला, चहा ठेवलाय म्हणाली, आणि माझ्याकडं बघून बोलली. "आई, ते नाव ह्यांनी ठेवलं. मला ते आवडायचं. पण त्या नावानं मी परीक्षा एकसुद्धा दिली नाही."

नणंद चहा पिऊन गेली. जाताना तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "करा मग काय करायचं ते. माझं कोण ऐकतंय." आमच्यात ह्याला होकारच म्हणतात.

आमच्या ह्यांनी साहेबांना फोनवर विचारलं. साहेब म्हणाले, राजपत्रात दोन्ही नावं छापून येतात, त्यामुळं नोकरीच्या कागदांना अडचण नाही, ती बाई हीच हे सिद्ध होतं. मग अर्ज भरला. सायबर कॅफेतला पोरगा विचारत होता, ती सांगत होती. नाव बदलण्याचं कारण? ती म्हणाली, शिक्षण. त्यानं लिहिलं.

काही आठवड्यांनी राजपत्राचं पान आलं. मी चष्मा लावून वाचलं. पानावर दोन रकाने, नुसती नावंच नावं, कुणाकुणाची. कुणाचं स्पेलिंग बदललं, कुणाचा धर्म, कुणाचं आडनाव. एका रकान्यावर 'जुने नाव', दुसऱ्यावर 'नवीन नाव'. आमची ओळ सापडली. माझ्या मुलानं ठेवलेलं नाव 'जुने नाव' ह्याच्याखाली होतं. आणि नामपूरला तिच्या जन्मानंतर, पाळण्यात घालून, तिच्या आत्यानं कानात सांगितलेलं नाव 'नवीन नाव' म्हणून छापलं होतं.

सगळं उलटं. मी ते सुनेला दाखवलं. "आई, त्यांची पद्धत आहे तशी. आधी असतं ते जुनं," ती म्हणाली. मी पान तिच्याकडं दिलं आणि भात लावायला गेले. कुकरला शिट्टी लावायची विसरले, नुसती वाफ जात राहिली, ते तिनंच येऊन बघितलं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटून गेलं. जसं शिंक येता येता राहते आणि आपण तोंड वर करून उभे राहतो.

माझं माहेरचं नाव? ते आता घेणारं कुणी उरलं नाही. भाऊ होता तोवर राखीला ऐकू यायचं. ते जाऊ दे, ती गोष्ट माझी आहे.

आधारही दुरुस्त झालं. अंगठे दिले, फोटो काढला. फोटोत ती पहिल्या फोटोपेक्षा मोठी दिसत होती. दोन्ही कार्डांमध्ये फक्त तीन वर्षांचं अंतर होतं. तिच्या वडिलांनी पुन्हा धुळ्याची खेप केली आणि कागद नेऊन दिले. अधिकारी म्हणाले, ठीक आहे, आता जुळतंय, चढवतो. कधी? चढवतो म्हटलं ना.

ती कॉलेजला जायला लागली होती. सकाळी पोळ्या करून जायची, दुपारी यायची. भूगोल घेतला होता. तिच्या वर्गातल्या पोरी तिच्यापेक्षा लहान, पण तिला ताई म्हणत नाहीत, नावानं हाक मारतात, ते तिला बरं वाटत असावं. तिनं तसं सांगितलं नाही. घरात मी आपली जुन्या सवयीनं मुलानं ठेवलेल्या नावानंच हाक मारत होते. मी एकटीच. हे तर तिला पूर्वीपासून 'बेटा' म्हणायचे. म्हणजे ते नाव साऱ्या जगात आता माझ्या तोंडात तेवढं उरलं होतं, आणि मला ते सोडवत नव्हतं. ती ओ देत होती.

रोज संध्याकाळी फोनवर खातं उघडायची. रोज शून्य. मी विचारायची, आलं का? ती म्हणायची, नाही आलं. दूधवाला आला का, नाही आला, अशा आवाजात. पण फॉर्मची तारीख जवळ येत चालली तशी ती जेवताना घास हातात धरून बसायला लागली. एकदा म्हणाली, "आई, नाहीच आले तर मी करीन ते पाण्याचं काम. करीन मी." मी म्हटलं, जेव आधी.

आणि मग तो दिवस. पाऊस थांबला होता, पण आभाळ खाली आलेलं. सून गव्हाचा डबा घेऊन गिरणीत गेली होती. फोन तिचा घरातच चार्जिंगला लावलेला, आवाज बंद करून. हे झोपले होते ना. मी मिरच्यांची देठं काढत होते. दाराची बेल वाजली.

एक मुलगी. रेनकोट घातलेली, केस ओले, धापा टाकतेय. "काकू," म्हणाली आणि एक नाव घेतलं. "आहे का घरात? कॉलेजमधून आलेय."

मी म्हटलं, "नाही गं. असं कुणी इथं राहत नाही. पलीकडच्या बिल्डिंगमध्ये बघ, तिथं भाड्यानं मुली राहतात."

"पत्ता तर हाच दिलाय मॅडमनी..."

"चुकला असेल. ह्या कॉलनीत सगळ्या बिल्डिंगी सारख्या दिसतात, बाई. पाणी देऊ का?"

"नको काकू, गडबड आहे," म्हणाली आणि जिना उतरली.

मी परत येऊन मिरच्यांपुढं बसले. एक देठ काढलं. दुसरं काढलं. चोरट्यासारखं ते नाव डोक्यात मागून आलं. राजपत्राच्या पानावर, उजव्या रकान्यात वाचलेलं. माझी सून. ती पोरगी माझ्या सुनेलाच विचारत होती, आणि मी तिला, पाणी देऊ का विचारून, दुसऱ्या बिल्डिंगमध्ये पाठवून दिलं होतं.

मी उठले. गुडघे दुखतात माझे, पण गॅलरीपर्यंत कशी गेले मला सांगता येत नाही. खाली ती पोरगी स्कूटीवर बसली होती, किल्ली फिरवत होती. तिला हाक मारायची तर तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. एकच नाव ठाऊक होतं. मी ते घेतलं. सुनेचं, पाळण्यातलं. तोंडातून ते नाव पहिल्यांदा बाहेर पडलं आणि इतकं मोठ्यानं, की समोरच्या घरातली माणसं खिडकीत आली.

पोरीनं वर बघितलं.

"राहते!" मी ओरडले. "इथंच राहते! माझी सून आहे ती!"

"काकू, तुम्ही पण!" ती खालूनच ओरडली. "केव्हापासून फोन लावतोय आम्ही! ऑफिसच्या मॅडमनी पळवलंय मला. तिचे क्रेडिट दिसले, चारही सेमिस्टरचे! पण फॉर्मवर सही पाहिजे, आज पाच वाजता बंद करणार. कुठंय ती?"

"गिरणीत! कोपऱ्यावर!"

पण तोवर सूनच कोपऱ्यावरून येताना दिसली. कंबरेवर डबा, दंडावर पीठ. माझं ओरडणं तिनं ऐकलं असावं, कारण ती रस्त्यातच थांबून वर माझ्याकडं बघत होती. पोरगी तिला काहीतरी सांगत होती, हात हलवत होती. सुनेनं तिचं ऐकलं की नाही कोण जाणे. नजर माझ्यावरच होती. मग तिनं आत येऊन जिन्यात डबा ठेवल्याचा आवाज आला आणि ती परत बाहेर पळाली, तशीच, पिठाच्या हातांनी, घरातल्या ड्रेसवर. स्कूटीच्या मागं बसली.

"आधार घे गं!" मी वरून म्हटलं.

"फोटो आहे त्यांच्याकडं, आई!" आणि गेल्या दोघी, खड्ड्यांतलं पाणी उडवत.

हे आतून उठून आले. "काय झालं? कुणाला ओरडत होतीस?"

"सुनेला," मी म्हटलं. "सेमिस्टर आली तिची."

"चारी?"

"चारी."

ते कठड्याला धरून उभे राहिले. रस्त्यावर आता काही नव्हतं. मला वाटलं, आता काहीतरी वाटेल. घसा दुखत होता, बाकी अजून काही नव्हतं. समोरच्या घरातली बाई खिडकीतून विचारत होती, काय हो, कुणाला बोलावताय, नवीन कोण आलं? मी तिला हातानंच, सांगते नंतर, असं केलं.

मग पिठाचं आठवलं. जिन्यात मांजरं फिरतात. खाली गेले, एकेक पायरी धरून. डब्याचं झाकण नीट लागलं नव्हतं, ते दाबून बसवलं आणि डबा पोटाशी धरून वर आणला. पीठ गिरणीतून आत्ताच आलेलं. डबा गरम होता. जिनाभर तो पोटाला लागत होता.